उद्रेकाआधीचे तास: सूर्यनिरीक्षण प्रकल्पाच्या नोंदी

(सगळ्या वेळा यूटी, म्हणजे वैश्विक प्रमाणवेळेत.)

४ फेब्रुवारी

आज प्रकल्पाची वही उघडली. प्रश्न एकच ठेवला आहे. सूर्याच्या कडेवरचा प्रॉमिनन्स उधळतो, त्याच्या किती आधीपासून तो हलायला लागलेला असतो? फुटलेली कमान आणि अवकाशात झेपावणारा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) ही दृश्ये सगळ्यांनी पाहिलेली असतात. मला त्या दृश्याच्या आधीचे तास हवे आहेत, जेव्हा पाहणाऱ्याला वाटते की काहीच घडत नाही.

प्रॉमिनन्सला मराठीत तेजःशृंग म्हणतात. शब्द देखणा आहे. बिंबाच्या कडेवर उभा असलेला हा गुलाबी-लाल ढग पहिल्यांदा पाहिला तेव्हा शिंगच आठवले होते. सूर्य फिरत जातो तसा तोच ढग बिंबासमोर येतो आणि काळसर रेघेसारखा दिसू लागतो. तेव्हा त्याला फिलामेंट म्हणायचे. वस्तू तीच, फक्त मागचा पडदा बदलला. वहीत ही सगळी नावे येतील.

साधने: ४० मिलिमीटर व्यासाची, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची हायड्रोजन-अल्फा, म्हणजे हायड्रोजनच्या लाल रेषेचा प्रकाश पाहणारी दुर्बीण. तिचा फिल्टर ६५६.२८ नॅनोमीटरच्या रेषेभोवतीची ०.०७ नॅनोमीटर रुंदीची पट्टी तेवढी आत सोडतो. एक कृष्णधवल कॅमेरा. शिवाय एसडीओ या सूर्यनिरीक्षक यानाची ३०४ अँगस्ट्रॉममधली (म्हणजे ३०.४ नॅनोमीटर, अतिनील) चित्रे, सोहो यानावरच्या लॅस्को या करोनाग्राफची (बिंब झाकून त्याच्या भोवतालचे पाहणाऱ्या दुर्बिणीची) चित्रे आणि पृथ्वीभोवती पसरलेल्या गाँग जाळ्याच्या सहा वेधशाळांची हायड्रोजन-अल्फा चित्रे. ही सगळी कोणालाही खुली आहेत.

मोजमाप दोघे करणार. मी आणि माझा मित्र त्याच फ्रेम स्वतंत्रपणे मोजू आणि आकडे बंद झाल्यावरच एकमेकांना दाखवू.

पहिल्याच पानावर लिहून ठेवते: ही दुर्बीण मुळातच सूर्यासाठी बांधलेली आहे. साध्या दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचे नाही. फिल्टरवर चरा पडलाय का, भिंग सैल झालंय का, हे दर सत्राआधी उजेडाकडे धरून तपासायचे. पाहुणे आले असतील तर दुप्पट काळजी.

५ फेब्रुवारी

ढग.

६ फेब्रुवारी

पिक्सेलचे माप घेतले. कॅमेऱ्याचा पिक्सेल २.४ मायक्रॉनचा, त्यामुळे एका पिक्सेलमध्ये सुमारे १.२४ विकला बसतात (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). हिशेबावर भिस्त न ठेवता पूर्ण बिंबाची चित्रे घेऊन व्यास मोजला. दहा चित्रांची सरासरी १५५१ पिक्सेल आली. सूर्याचा व्यास १३,९१,४०० किलोमीटर धरला तर एक पिक्सेल म्हणजे ८९७ किलोमीटर. हाच आकडा पुढे वापरायचा.

पिक्सेल ८९७ किलोमीटरचा आहे म्हणून तेवढे बारीक दिसते असे मात्र नाही. ४० मिलिमीटरच्या भिंगाची सैद्धांतिक मर्यादाच चार विकलांच्या आसपास आहे, म्हणजे सूर्यावर सुमारे ३००० किलोमीटर. त्याहून लहान ते सगळे एकमेकांत मिसळणार. पृथ्वी तिथे नेऊन ठेवली तर तिचा ठिपका जेमतेम १४ पिक्सेलचा होईल. आज पश्चिम कडेवर एक बुटकी, झुडपासारखी आकृती होती. उंची मोजली, ३१ पिक्सेल. म्हणजे दोन पृथ्व्या एकावर एक. आणि तिला आपण बुटकी म्हणतो.

९ फेब्रुवारी

हवा फार थरथरत होती. सकाळचे दोन तासच कामाचे. एकदा जमीन तापली की कडेला लाटा फुटल्यासारखे दिसते आणि दहा पिक्सेलखालच्या कुठल्याही हालचालीवर भरवसा ठेवता येत नाही. यापुढे सत्र सूर्य पुरेसा वर आल्यावर लगेच सुरू करायचे.

मित्राने विचारले, "तू याला तप्त प्लाझ्मा म्हणतेस, पण भोवतालच्या मानाने हा तर थंड आहे ना?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचे उत्तर वहीत असायलाच हवे. प्रॉमिनन्सचे तापमान ढोबळमानाने आठ हजार केल्विन. त्याच्या भोवतीचा करोना, म्हणजे सूर्याचे बाहेरचे वातावरण, दहा लाख केल्विनच्या वर. म्हणजे हा ढग आजूबाजूपेक्षा शंभरपटीने थंड आहे, आणि शंभरपटीने दाटही. दाब म्हणजे घनता गुणिले तापमान, तेव्हा आत-बाहेरचा दाब जवळजवळ सारखाच राहतो. दाट असल्यामुळे तो जड आहे. सूर्याच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या २८ पट आहे, तरी हा जड ढग आठवडेच्या आठवडे अधांतरी राहतो. दाबाने तो तरंगत नाही, चुंबकीय क्षेत्राच्या रेषांच्या झोळीत पडलेला असतो. झोळी आहे तोवर ढग आहे.

त्यामुळे प्रश्नही जरा वेगळ्या शब्दांत मांडता येतो. आपण ढग पाहतो, पण हलते ती झोळी. ढग तिचा पत्ता सांगतो एवढेच.

१३ फेब्रुवारी

आज चूक झाली आणि ती सविस्तर लिहायला हवी.

बिंबाच्या मध्याच्या थोडे उत्तरेला एक लांब फिलामेंट तीन दिवसांपासून होते. ०८:४० च्या चित्रात ते ठळक आहे. ०९:०५ ला मधला भाग फिका झाला. ०९:२० ला तो भाग दिसेना. मी वहीत "विरले" असे लिहिले आणि पूर्व कडेकडे वळले.

पाऊण तासाने लक्षात आले की फिलामेंट बिंबाच्या मध्याजवळ आहे, म्हणजे ते वर उठले तर थेट आपल्या दिशेने येणार. आपल्याकडे येणाऱ्या वायूचा प्रकाश निळ्याकडे सरकतो. हायड्रोजन-अल्फापाशी एक अँगस्ट्रॉम सरकायला सेकंदाला सुमारे ४६ किलोमीटर वेग पुरतो. माझी फिल्टरची पट्टी ०.७ अँगस्ट्रॉमची, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला सेकंदाला साधारण १६ किलोमीटर. त्यापलीकडच्या वेगाने येणारी वस्तू माझ्या दुर्बिणीला दिसतच नाही. ती तिथे असते, पण फिल्टरच्या खिडकीबाहेर.

धावत परत आले आणि एटालॉनचे, म्हणजे फिल्टरची पट्टी ठरवणाऱ्या भागाचे, चाक फिरवले. माझा एटालॉन तिरका करून जुळवायचा आहे, आणि तिरका केला की पट्टी फक्त निळ्या बाजूलाच सरकते. आज नेमके तेच हवे होते. १०:१२ ला, निळ्या बाजूला, दोन काळे तुकडे दिसले, मूळ जागेच्या जरा ईशान्येला. "विरलेले" फिलामेंट आपल्या दिशेने निघाले होते.

फिलामेंट असे अचानक नाहीसे होण्याची दोन कारणे असतात. एक म्हणजे हे, वेगामुळे खिडकीबाहेर जाणे. दुसरे म्हणजे खरोखरच तापून हायड्रोजनचे आयनीभवन होणे. पहिल्या प्रकारात पट्टी सरकवली की वस्तू पुन्हा सापडते, दुसऱ्यात नाही. ३०४ अँगस्ट्रॉमच्या चित्रांना ही अडचण नसते, कारण त्या फिल्टरची खिडकी इतकी रुंद आहे की एवढ्या वेगाने काही बिघडत नाही. संध्याकाळी ती चित्रे लावली तर ०८:५० पासूनच फिलामेंटचा मधला भाग कमानीसारखा फुगताना स्पष्ट दिसतो.

वेगाचा आकडा लिहिलेला नाही. माझ्या चाकावर खुणा नाहीत, त्यामुळे पट्टी किती सरकवली होती हे मला सांगता येणार नाही. अंदाज लिहिला असता तर महिन्याभराने तोच मोजमाप वाटला असता.

नियम: बिंबावरचे फिलामेंट फिके झाले की आधी चाक फिरवायचे, मग वहीत लिहायचे.

१६ फेब्रुवारी

तिसरा ढगाळ दिवस. संग्रहातून ७ जून २०११ काढला.

ही घटना मी पूर्वी पाहिली होती, पण सुंदर म्हणून. आज मोजायला बसले. फ्लेअर (सूर्यावरचा क्ष-किरणांचा भडका) एम २.५ वर्गाचा, म्हणजे मध्यमच. पण त्याच्यासोबत उडालेला ढग प्रचंड होता, आणि त्यातला बराच भाग परत खाली आला. पुढचे काही तास बिंबावर काळ्या गोळ्यांचा वर्षाव चाललेला दिसतो. हे गोळे काळे दिसतात कारण ते थंड व दाट आहेत आणि मागून येणारा अतिनील प्रकाश शोषतात. खाली आदळताना मात्र त्या जागा लखकन उजळतात.

नुसते गुरुत्वाकर्षण असते तर ते किती वेगाने आदळले असते? सूर्याच्या पृष्ठभागावरचा मुक्तिवेग सेकंदाला ६१८ किलोमीटर. अर्ध्या त्रिज्येच्या उंचीवरून सोडलेली वस्तू पृष्ठभागावर सेकंदाला ३५७ किलोमीटर वेगाने पोहोचेल, एका त्रिज्येच्या उंचीवरून ४३७ ने. मी पाच गोळे निवडून शेवटच्या टप्प्यात मोजले तर आकडे याच टापूत आले. म्हणजे खाली येणारे हे तुकडे बरेचसे मोकळेपणाने पडत होते. वर जाताना ज्यांना चुंबकीय क्षेत्राने नेले, खाली येताना त्यांना गुरुत्वाने आणले. एकाच घटनेत दोन्ही बलांचे काम वेगवेगळे दिसते, हे मला फार आवडले.

तरुण ताऱ्यांवर भोवतालच्या तबकडीतून वायू कोसळतो, ते समजून घ्यायलाही संशोधकांनी हीच चित्रे वापरली आहेत.

१७ फेब्रुवारी

ढग. ३१ ऑगस्ट २०१२ पाहिला. लांबलचक फिलामेंट कित्येक दिवस बिंबाच्या आग्नेय भागात शांत होते, मग कमानीसारखे उठले. पदार्थ सेकंदाला १४०० किलोमीटरहून जास्त वेगाने बाहेर पडला आणि तीन सप्टेंबरच्या रात्री ध्रुवप्रकाश दिसला, खरे तर आपल्याला नुसती बाजू घासून गेली असूनही. फ्लेअर मात्र सी वर्गाचाच, एमहूनही सौम्य. फ्लेअर आणि प्लाझ्माची झेप ही दोन निरनिराळी मापे आहेत, हे नव्याने निरीक्षण करणाऱ्या प्रत्येकाला सांगावेसे वाटते. क्ष-किरणांचा आलेख शांत आहे म्हणून कडेवरून नजर काढायची नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळी अर्धा तास मिळाला. नैर्ऋत्य कडेवर कुंपणासारखा प्रॉमिनन्स, हालचाल नाही. उंची ४४ पिक्सेल, मित्राचे माप ४३.

उरलेला दिवस जुन्या निरीक्षकांच्या संगतीत गेला. १८६० च्या जुलैतल्या खग्रास ग्रहणापर्यंत ही शिंगे सूर्याची की चंद्राची यावरही एकमत नव्हते. त्या ग्रहणात स्पेनमध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून छायाचित्रे घेतली गेली, डे ला रू आणि सेक्की यांनी, आणि दोन्हींत तीच शिंगे त्याच जागी निघाली. चंद्र त्यांच्यावरून सरकत होता. १८ ऑगस्ट १८६८ ला जान्सेन यांनी गुंटूरहून ग्रहण पाहिले. प्रॉमिनन्सच्या वर्णपटातल्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण संपल्यावरही त्या दिसायला हव्यात असे त्यांच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी, भर उजेडात, त्यांनी त्या पाहिल्या. ऑक्टोबरमध्ये लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये, कोणतेही ग्रहण नसताना, स्वतंत्रपणे तेच केले. पुढच्या वर्षी हगिन्स यांनी वर्णपटदर्शकाची फट रुंद केली आणि रेषेऐवजी प्रॉमिनन्सचा आख्खा आकार नजरेसमोर आला.

माझ्या दुर्बिणीतला फिल्टर त्याच कल्पनेचा वंशज आहे. एकाच रेषेचा प्रकाश घ्यायचा, बाकी सगळा दूर ठेवायचा. काही मिनिटांच्या ग्रहणासाठी समुद्र ओलांडून गेलेल्या माणसांमुळे आज मला रोज सकाळी कड दिसते. हे लिहिताना खरोखर कृतज्ञ वाटते.

२७ फेब्रुवारी

ईशान्य कडेवर, सुमारे ३५ अंश उत्तर अक्षांशावर, मोठा प्रॉमिनन्स आला आहे. दोन खांब आणि वर छप्पर, मधून आकाश दिसते. आसपास सौरडाग नाहीत. असे डागांपासून दूरचे ढग शांत असतात, पण त्यांचे आयुष्य संपते ते बहुधा उद्रेकानेच. उद्या लवकर.

२८ फेब्रुवारी

मिळाला. हात अजून थरथरतोय, पण सगळे आजच लिहून ठेवते.

०९:१० ला सुरुवात. हवा स्थिर. दर दोन मिनिटांनी पंधरा सेकंदांची चित्रफीत, एकदा कडेसाठी जास्त एक्स्पोजर, अधूनमधून बिंबासाठी कमी. छपराची उंची ७१ पिक्सेल, म्हणजे जवळपास ६४,००० किलोमीटर. पाच पृथ्व्या.

पहिला तासभर डोळ्यांना काहीच कळले नाही. डावा खांब जरा बारीक झाल्यासारखा वाटला, पण असे भास फार होतात. ०९:५० ला पहिली आणि शेवटची फ्रेम एकमेकींवर ठेवून आलटून पालटून पाहिली आणि छप्पर वर सरकलेले दिसले. अवघे सात-आठ पिक्सेल. मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अगं, जागची हलू नकोस. पाणी प्यायलाही नको जाऊस."

१०:२० ला उंची ८४ पिक्सेल. म्हणजे सत्तर मिनिटांत १३ पिक्सेल, सेकंदाला २.८ किलोमीटर. १०:३२ ला ९६, आता सेकंदाला १५. १०:४० ला १२१, म्हणजे ४७. छपराची कमान झाली होती. डावा खांब तुटला आणि त्याचा धागा पिळलेल्या दोरीसारखा उलगडत वर गेला. १०:४६ ला १५८, वेग ९२. आता आयपीसमधूनही वाढ दिसत होती. इतकी मोठी गोष्ट नजरेदेखत उंच होते आहे, आणि हे घडून गेलेले आहे, प्रकाशाला इथवर यायला सुमारे सव्वाआठ मिनिटे लागलेली आहेत, हे मनात येऊन श्वास रोखला गेला.

१०:५० ला १९६ पिक्सेल. एक लाख ७६ हजार किलोमीटर. इथून चंद्राच्या निम्म्या वाटेला थोडेसेच कमी. वेग १४२. त्यानंतर कमान इतकी पसरली आणि फिकी झाली की पार्श्वभूमीतून वेगळी काढता येईना. चाक निळ्याकडे फिरवून पाहिले, फार फरक नाही. कडेवरचा उद्रेक आडवा जातो, आपल्याकडे नाही, त्यामुळे ते अपेक्षितच होते.

११:३० पर्यंत काही तुकडे उजव्या खांबाच्या वाटेने खाली उतरताना दिसले. मग ढग आले.

१ मार्च

मोजमापे उघडली. हळू टप्प्यात आमचे आकडे एका पिक्सेलच्या आत जुळतात. शेवटच्या दोन नोंदींत नाहीत. माझे १५८ आणि १९६, त्याचे १५४ आणि १८७. माझा वेग १४२, त्याचा १२३. तो म्हणाला, "वरच्या टोकाचा धूसर भाग तू धरतेस, मी नाही धरत." दोघांचेही समर्थन करता येते. दोन पिक्सेलची चूक गृहीत धरली तरी चार मिनिटांच्या अंतरात सेकंदाला दहा किलोमीटरची अनिश्चितता येतेच. वहीत अंतिम वेग सेकंदाला सुमारे १३० लिहिला आहे. शिवाय हा फक्त आपल्या नजरेला आडवा दिसणारा वेग आहे. खरा वेग याहून कमी असू शकत नाही, जास्त असू शकतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ३०४ ची चित्रे शेजारी लावली तर डावा खांब तुटण्याची वेळ जुळेना. तिथे तो माझ्या वेळेपेक्षा जवळपास चार मिनिटांनी उशिरा तुटतो. एसडीओचे घड्याळ चुकणार नाही. तपासले तर माझ्या लॅपटॉपचे घड्याळ ३ मिनिटे ४० सेकंद मागे. कित्येक दिवस तो नेटला न जोडता वापरत होते, वेळ जुळवलीच नव्हती. वेगांवर याचा परिणाम नाही, कारण ते दोन वेळांमधल्या अंतरावरून काढले आहेत. पण इतर यानांशी तुलना करताना सगळ्या वेळा पुढे न्याव्या लागतील. कालच्या १०:५० चे १०:५३:४० झाले. १३ फेब्रुवारीच्या वेळाही याच कारणाने संशयास्पद आहेत, तिथे तांबड्या शाईने खूण केली. आजपासून सत्र सुरू होण्याआधी घड्याळ जुळवणे हे फिल्टर तपासण्याइतकेच सक्तीचे.

२ मार्च

आता मूळ प्रश्न. ३०४ मध्ये मागे मागे गेले. आदल्या रात्रीची चित्रे दर दहा मिनिटांना एक अशी काढली. २८ तारखेच्या ०४:०० च्या सुमाराला छपराची उंची ४९,००० किलोमीटरच्या आसपास होती आणि ती तेव्हापासून वाढत होती. वेग सेकंदाला एक किलोमीटरपेक्षाही कमी.

इथे एक फसगत संभवते. पूर्व कडेवरचा ढग सूर्याच्या परिवलनामुळे मागून पुढे येत असतो, त्यामुळे तो न हलताही उंच होताना दिसतो. किती? एक दशांश त्रिज्या उंचीचा ढग कडेच्या दहा अंश मागे असेल तर तो कडेवर येईतो त्याची दिसणारी उंची सुमारे ११,६०० किलोमीटरने वाढते, आणि दहा अंश यायला साडेअठरा तास लागतात. म्हणजे सेकंदाला १७०-१८० मीटर. ३५ अक्षांशावर त्याहूनही थोडे कमी. आपला हळू चढ सेकंदाला आठशे मीटर आहे. परिवलनाचा वाटा वजा करूनही चढ उरतो. हा हिशेब केल्याशिवाय आकडा खरा मानायचा नाही असे आम्ही ठरवले होते. तो केला आणि चढ टिकला.

तर या एका घटनेत, वेगाने सुटण्याच्या साडेसहा तास आधीपासून झोळी वर सरकत होती. हे का होते याचे चित्र भौतिकीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ढगाला धरणारी पिळलेली चुंबकीय दोरी आणि तिच्यावरून गेलेल्या, तिला दाबून ठेवणाऱ्या कमानी यांच्यात तोल असतो. दोरी हळूहळू वर येते. वरच्या कमानींचा जोर उंचीबरोबर झपाट्याने कमी होत असेल, तर एका उंचीनंतर दाबणारे बल पुरे पडत नाही. मग दोरी सुटते. तिच्याखाली ताणलेल्या रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि ती आणखी वर ढकलली जाते. कमानी वरपर्यंत मजबूत असतील तर दोरी उठते, वळते आणि अडकून पडते. २७ मे २००२ ला ट्रेस यानाने टिपलेला फसलेला उद्रेक तसाच होता. दिसायला अगदी खऱ्यासारखा, पण बाहेर काहीच गेले नाही.

म्हणून उद्याचे काम ठरले. आपला बाहेर गेला की अडकला?

३ मार्च

गेला.

लॅस्कोच्या सी-२ चित्रात ११:२४ ला ईशान्येला एक फिका वक्र दिसतो, सूर्याच्या केंद्रापासून अडीच त्रिज्यांवर. १२:३६ ला तो ४.९ त्रिज्यांवर. सरासरी वेग सेकंदाला ३८६. त्याच्या मागे काळी पोकळी, आणि पोकळीच्या तळाशी उजळ गाभा. पुढची किनार, पोकळी, गाभा: पुस्तकात दाखवतात तसे तिन्ही भाग. तो गाभा म्हणजे आपला प्रॉमिनन्स. मी आयपीसमधून ज्याला पाहिले तोच. तो १२:०० ला २.४ त्रिज्यांवर आणि १३:०० ला ३.७ वर आहे. वेग सेकंदाला २५१.

आता मधला भाग. ३०४ ची चौकोनी चौकट वर-खाली किंवा आडवी पाहिली तर १.३ त्रिज्यांच्या आतच संपते, पण आपला ढग ईशान्येच्या कोपऱ्याकडे गेला, तिथे चौकट जास्त लांब आहे. त्यामुळे ११:१२ पर्यंत, १.५ त्रिज्यांपर्यंत, त्याला धरून राहता आले. त्या पट्ट्यातली सरासरी १५५. सी-२ मध्ये मधली तबकडी सुमारे दोन त्रिज्यांपर्यंत सगळे झाकते. ११:१२ ते १२:०० या अठ्ठेचाळीस मिनिटांत ढग कुठेच दिसत नाही, फक्त दोन्ही टोकांवरून हिशेब करता येतो: २१७.

हे आकडे ओळीने वाचले तर १३०, १५५, २१७, २५१. वेग वाढतोच आहे. आणि केंद्रापासून तीन त्रिज्यांवर मुक्तिवेग अजून सुमारे ३५७ आहे. म्हणजे फेकलेल्या दगडासारखा असता तर हा ढग तिथेही परत फिरायला हवा होता, मंदावायला तरी हवाच होता. तो मंदावत नाही. त्याला कोणीतरी अजून वर नेत आहे. सात जूनच्या गोळ्यांशी याची तुलना केल्यावाचून राहवत नाही: ते सुटले होते, हा अजून झोळीत आहे.

न दिसणारी ती पाऊण तासाची फट मनाला लागून राहिली आहे. वेग वाढण्याचे बरेचसे काम तिथे आणि तिच्या खाली होते, आणि नेमका तोच पट्टा पाहायला सर्वांत अवघड. कडेजवळचा करोना बिंबाच्या मानाने इतका मंद आहे की बिंब अचूक झाकल्याशिवाय तो दिसत नाही. पूर्वी त्यासाठी ग्रहणाची वाट पाहावी लागे. आदित्य-एल १ वरचा व्हीईएलसी हा करोनाग्राफ १.०५ त्रिज्यांपासून पाहण्यासाठीच बांधला आहे. प्रोबा-३ या युरोपीय मोहिमेत तर एक यान दुसऱ्यासमोर दीडशे मीटरवर उभे राहून कृत्रिम ग्रहण घडवते. हौशी निरीक्षकाच्या आवाक्यातले हे नाही. पण फटीच्या खालचा काठ आपल्या आवाक्यात आहे, आणि तिथे दर दोन मिनिटांनी एक चित्र सातत्याने मिळत राहिले तर त्याला मोल आहे.

५ मार्च

उद्रेकाची जागा आता कडेपासून बरीच आत आली आहे. हायड्रोजन-अल्फात तिथे काही नाही. नीट पाहिले तर दोन्ही बाजूंचे बारीक तंतू एका रिकाम्या वाटेला समांतर पडलेले दिसतात, झाडलेल्या अंगणासारखे. ढग गेला, वाट राहिली आहे.

७ मार्च

ढग. गाँगच्या चित्रांत वाट अजून रिकामी.

८ मार्च

वाऱ्यामुळे दुर्बीण हलत होती, मोजमाप नाही. डोळ्यांनी पाहिले, वाटेच्या पश्चिम टोकाला काळसर छटा. भास असू शकतो.

१० मार्च

भास नव्हता. त्याच वाटेवर बारीक काळी रेघ उमटली आहे, मध्ये एका ठिकाणी तुटलेली. गाँगच्या कालच्या आणि आजच्या चित्रांतही आहे. झोळी पुन्हा विणली गेली आणि तिच्यात पुन्हा वायू साचू लागला आहे.

लांबी ११८ पिक्सेल, मित्राचे माप १२१. जाडी मोजण्याइतकी नाही. घड्याळ जुळवलेले, फिल्टर तपासलेला, चाक मध्यावर. सूर्याच्या पश्चिम कडेवर ती पोहोचायला अजून चार दिवस आहेत. तोवर रोज ०९:०० ला सुरुवात.